गच्चीचा कठडा आणि घरातील बंदूक

रायपूर शहराला लागून असलेल्या उरला औद्योगिक क्षेत्रात रात्र अशी कधी होतच नाही. भट्ट्या अहोरात्र पेटलेल्या असतात. भंगार लोखंडाने भरलेले ट्रक एका फाटकातून आत जातात आणि तेच लोखंड सळ्या, पट्ट्या व ओतीव भाग होऊन दुसऱ्या फाटकातून बाहेर पडते. माझ्या थोरल्या बंधूंचा ओतकामाचा एक लहानसा कारखाना येथे आहे व त्याच्या आवारातच त्यांचे घर आहे. शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना जेव्हा जेव्हा मला सलग काही दिवसांचा एकांत हवा असतो, तेव्हा तेव्हा मी या घराच्या वरच्या खोलीत येऊन राहतो. यंत्रांचा आवाज सवयीचा झाला की त्याचा त्रास होत नाही. आणि फाटकावर रात्रभर राखणदार असल्यामुळे झोपही निर्धास्त लागते. या निर्धास्त झोपेविषयी मला पुढे काही सांगावयाचे आहे.

डिसेंबर २०१९ मधील गोष्ट. नाताळच्या तयारीची घरात गडबड चालली होती. दादांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले. शस्त्रास्त्र कायद्यातील दुरुस्ती संसदेने संमत केल्याची बातमी त्यात होती. दादांकडे परवान्याची तीन शस्त्रे होती. पहिली आजोबांची ठासणीची बंदूक. आजोबांची शेती वर्ध्याकडे होती व रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी त्यांनी ती घेतली होती. दुसरी वडिलांची दुनळी. तिसरे दादांनी स्वतः घेतलेले रिव्हॉल्व्हर. कामगारांच्या पगाराची रोकड आणताना ते जवळ असावे, एवढाच त्याचा हेतू. नव्या कायद्याप्रमाणे यांपैकी एक शस्त्र त्यांना सोडावे लागणार होते.

दादा म्हणाले, “तू शास्त्राचा अभ्यास केलेला माणूस. मला एवढेच सांग, ज्याच्या बंदुकीने तीन पिढ्यांत कोणाला ओरखडाही काढला नाही, त्याने ती सरकारच्या हवाली का करावी?”

मी म्हणालो, “अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे.”

“त्याने ‘करावे लागेल’ एवढे कळले. ‘का करावे’ हे कुठे कळले?” दादा म्हणाले, आणि उठून गेले.

त्यांचे म्हणणे खरे होते. आज्ञापालनाचे वचन पुढे करून मी प्रश्नच टाळला होता. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेला जबाब आहे.

विधेयकाचा प्रवास

प्रथम या कायद्याची हकीकत पाहू. शस्त्रास्त्र (दुरुस्ती) विधेयक २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले. ९ डिसेंबरला लोकसभेने व १० डिसेंबरला राज्यसभेने ते संमत केले, आणि १३ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मांडणीपासून संमतीपर्यंत अवघे पंधरा दिवस लागले.

मूळ कायदा १९५९ सालचा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात एका माणसाने किती शस्त्रे बाळगावीत यावर मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली. २०१९ च्या विधेयकात ती एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. परंतु लोकसभेत त्यावर हरकती निघाल्या आणि अखेरीस एकाऐवजी दोन शस्त्रांची मुभा ठेवण्यात आली. वारसाहक्काने आलेले शस्त्रही या संख्येत धरले जाते. अधिकचे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे होते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. विनापरवाना शस्त्रे बनविणे व विकणे यासाठी किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. लग्नाच्या वरातीत किंवा अन्य उत्सवात बेपर्वाईने गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अन्य देशांत हा विषय इतक्या सहज सुटलेला नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक येथील शाळेत वीस बालके व सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका अधिक व्यापकपणे तपासावी, एवढाच माफक प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटपुढे आला. त्याला ५४ मते पडली; पुढे जाण्यास ६० हवी होती. प्रस्ताव तेथेच थांबला. उलट न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ भाविकांची हत्या झाली, आणि महिना पुरा होण्यापूर्वीच तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ अशा मतांनी लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली. एका देशात शस्त्र हा संविधानाने दिलेला हक्क समजला जातो, दुसऱ्यात ती समाजाने दिलेली परवानगी आहे. हा भेद संसदेच्या कामकाजातही उतरतो.

आपला देश दुसऱ्या प्रकारातला. म्हणूनच आपले विधेयक दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाले. परंतु या सुलभतेचा एक तोटाही झाला. जे संसदेत झटपट संमत होते, त्याची घराघरांत चर्चा होत नाही. दादांचा प्रश्न म्हणजे ती राहून गेलेली चर्चाच होती.

लोहारावाचून देश

दादांच्या मनातील रोष केवळ मालमत्तेच्या मोहातून आलेला नव्हता, हे सांगणे न्यायाचे होईल. निःशस्त्र केले जाण्यात अपमान असतो, आणि आपल्या देशाने तो अनुभवलेला आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रास्त्र कायदा झाला. त्याने भारतीय माणसाला परवान्याच्या दारात उभे केले व युरोपियनांना त्यातून सूट दिली. येथे हत्याराच्या धोक्यापेक्षा हत्यार धरणाऱ्याचा वर्ण पाहिला जात होता.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात असे वर्णन आहे की, सबंध इस्राएल देशात लोहार म्हणून उरला नव्हता. इब्र्यांनी तलवारी किंवा भाले घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी ही तजवीज केली होती. नांगराच्या फाळाला धार लावायची, तरी इस्राएली शेतकऱ्याला शत्रूच्या दारी जाऊन पैसे मोजावे लागत. या उताऱ्याचे भाषांतर करताना शेतीच्या अवजारांची नावे निश्चित करणे कठीण जाते. त्यांतील ‘एत’ हा एक इब्री शब्द मला विशेष विचारात पाडतो. तलवारी ठोकून त्यांचे फाळ होतील असे यशया ज्या वचनात सांगतो (यशया २:४), तेथेही हाच शब्द आहे. म्हणजे ज्या अवजाराला धार लावण्यासाठी पराधीन शेतकरी शत्रूकडे गेला, तेच अवजार संदेष्ट्याच्या दृष्टान्तात स्वतंत्र राष्ट्रे आपखुशीने घडवितात. शस्त्र हिरावून घेतले जाणे निराळे आणि ते आपण होऊन खाली ठेवणे निराळे. पहिल्यातून दास्य येते, दुसऱ्यातून शांती येऊ शकते.

आपल्या राष्ट्रीय नेत्यांना हा भेद कळत होता. अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क ठरावात घातला. मग स्वतंत्र भारताच्या संविधानात तो का आला नाही?

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती सुचविली होती. कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. तेव्हाचे रायपूर आणि वर्धा त्याच प्रांतात मोडत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना दिलेले उत्तर मननीय आहे. परकी सत्तेखाली केलेली मागणी आता बदललेल्या परिस्थितीत तशीच उचलता येणार नाही. आग्रह धरावयाचाच, तर राष्ट्राच्या संकटकाळी शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्याचा धरावा, हक्काचा नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरसकट हक्क दिला तर तो समाजाला उपद्रव देणाऱ्यांनाही मिळेल, हेही त्यांनी दाखवून दिले. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य मिळाले, पण शांततेने आणि विनाशस्त्र. ज्या माणसाच्या समाजाला शतकानुशतके बळाच्या जोरावर दाबून ठेवले गेले होते, त्याने संरक्षणाची भिस्त व्यक्तीच्या हत्यारावर न ठेवता सर्वांच्या कायद्यावर ठेवली. दुर्बलाला हत्यारांच्या शर्यतीत कधीच जिंकता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

कठड्याचा नियम

आता दादांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याच्या हातून काही अपराध घडलेला नाही, त्याने आपली वस्तू का सोडावी?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात (२२:८) एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. नाहीतर तेथून कोणी पडला, तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. हा नियम मी अनेकदा वाचला होता. परंतु दादांच्या प्रश्नानंतर त्याचा अर्थ नव्याने उलगडला. घर बांधणारा खुनी आहे, असे हा नियम म्हणत नाही. त्याच्या हेतूची चौकशीही करीत नाही. तो त्याला एवढेच सांगतो की, तुझ्या घराच्या उंचीमुळे दुसऱ्याला धोका निर्माण झाला आहे, आणि तो धोका कमी करण्याची जबाबदारी तुझी आहे. उंची निरपराध आहे, धाबे निरपराध आहे, मालकही निरपराध आहे. तरी कठडा नसेल तर तो निर्दोष नाही.

घरातील बंदुकीचे असेच आहे. तिचा मालक भला असतो, पण बंदूक मालकाच्या स्वभावाला बांधलेली नसते. ती चोरीला जाते. रागाच्या भरात दुसऱ्याच कोणाच्या हाती लागते. निराशेच्या एखाद्या रात्री घरातील तरुण मुलगा तिच्यापर्यंत पोहोचतो. नातवंडांना ती खेळणे वाटते. वरातीत आकाशाकडे गोळी झाडणाऱ्याचा कोणाशी वैरभाव नसतो. त्याच्या आनंदालाच कठडा नसतो. आणि ती गोळी शेजारच्या गच्चीवर वरात पाहत उभ्या असलेल्या कोणाच्या तरी अंगावर येते.

पौलाने करिंथकरांस लिहिताना मूर्तीपुढील नैवेद्याच्या मांसाविषयी जो विचार मांडला (१ करिंथ ८), तोही येथे लागू पडतो. मांस खाण्यात दोष नाही, हे तो मान्य करतो. खाणाऱ्याचे ज्ञान बरोबर आहे, त्याचा विवेक स्वच्छ आहे. परंतु आपल्या मोकळिकीमुळे दुर्बळ भावाचा नाश होत असेल तर ती मोकळीक आपण सोडावी, असे तो म्हणतो. आणि ती सोडण्याचा भार तो बलवानावर टाकतो. आपण सहसा हे उलटे करतो. दोषी असेल त्याने सोडावे, निर्दोषाने का, असे विचारतो. ख्रिस्ती नीतीचा कल असा की, जो सोडू शकतो त्याने प्रथम सोडावे.

यावर एक आक्षेप येतो, व तो हलका नाही. देशात बंदुकीने होणाऱ्या बहुतेक हत्या गावठी कट्ट्यांनी व विनापरवाना शस्त्रांनी होतात, हे सरकारी आकडेवारीच सांगत आली आहे. मग परवानाधारकाच्या तीन बंदुकांच्या दोन करून काय साधले? याचे प्रामाणिक उत्तर असे की, एवढ्यानेच फारसे साधणार नाही. बेकायदा कारखाने शोधणे, शस्त्रांची चोरटी ने-आण थांबविणे, खटले वेळेवर चालविणे हे कष्टाचे काम पोलिसांनी व न्यायालयांनी केले पाहिजे; शिक्षेचे आकडे वाढविणे त्यामानाने सोपे असते. १९८८ साली या कायद्यात अशी तरतूद घातली गेली की, निषिद्ध शस्त्राच्या बेकायदा वापराने मृत्यू घडला तर फाशीच दिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली, कारण न्यायाधीशाला विवेकास जागाच उरत नव्हती. कायदाही कधी कधी भयाच्या भरात हात उगारतो, त्याचे हे उदाहरण होय.

तरीही कठडा अपुरा आहे म्हणून तो बांधूच नये, असे ठरत नाही. सर्व अपघात कठड्याने थांबत नाहीत. पण जो थांबवता आला असता, त्याचा हिशेब घराच्या मालकाला द्यावा लागतो.

‘पुरे’

एकाऐवजी दोन शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली गेल्याचे वाचले, तेव्हा मला लूकच्या बाविसाव्या अध्यायातील दोन तलवारी आठवल्या. शेवटल्या भोजनाच्या वेळी प्रभू येणाऱ्या संकटाविषयी बोलताना तलवार विकत घेण्याची भाषा करतो. शिष्य तत्परतेने दोन तलवारी पुढे करतात. त्यावर प्रभूचे उत्तर अगदी त्रोटक आहे. ग्रीकमध्ये ते ‘हिकानोन एस्तीन’ असे आहे. दोन तलवारी पुरेशा आहेत, असा त्याचा अर्थ घ्यावा, की हा विषय आता थांबवा, असा घ्यावा? पंडितांत यावर मतभेद आहेत. दुसऱ्या काही भाषांत भाषांतरकाराला यांपैकी एक बाजू घ्यावी लागते. मराठी या बाबतीत भाग्यवान आहे. आपला ‘पुरे’ हा शब्द दोन्ही अर्थ वाहून नेतो. ताटात भाजी वाढणाऱ्यालाही आपण ‘पुरे’ म्हणतो, आणि भांडणाऱ्या मुलांनाही ‘पुरे’ म्हणतो.

या उत्तराचा खरा अर्थ कोणता, हे त्याच रात्री पुढे काय घडले यावरून ठरवावे असे मला वाटते. दोन तलवारींपैकी एक उपसली गेली. उपसणारा दुष्ट नव्हता. त्याचे आपल्या गुरूवर प्रेम होते. योहान त्याचे नाव पेत्र असे देतो. पण वार कोणावर झाला? ज्या मुख्य याजकाच्या हुकमाने हे सारे चालले होते, तो तेथे नव्हता. वार झाला त्याच्या दासावर. मालकाच्या वैराची किंमत चाकराच्या कानाने दिली. प्रभूने तो कान बरा केला आणि ‘पुरे’ या शब्दाचा अर्थ स्वतःच्या हाताने लावून दाखविला.

राखणदार

दादांनी डिसेंबर २०२० मधील मुदतीपूर्वी आजोबांची ठासणीची बंदूक जमा केली. तिघींपैकी तीच सोडावी हे स्वाभाविक होते. ती जुनी, वापरात नसलेली. पण विचार केला तर तीच सर्वांत निष्पाप होती. १९५९ च्या कायद्यातही पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीला निराळी सवलत आहे. ती जवळपास शेतीचे अवजारच. माणसावर रोखण्यासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर मात्र कपाटात राहिले. परतताना दादा एवढेच म्हणाले, “आपल्याच भट्टीत घालता आली असती तर बरे वाटले असते.” जमा केलेल्या शस्त्राचे काय करायचे हे कायदाच ठरवितो, मालकाला तो अधिकार नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, मी वरच्या खोलीत मुक्कामाला असताना, मध्यरात्रीनंतर खाली ओरडा झाला. भंगार वेचणारा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मागच्या भिंतीवरून आत उतरत होता. राखणदाराने बंदूक रोखली. ही एकनळी त्याची स्वतःची, त्याच्या स्वतःच्या नावाच्या परवान्याची. बंदूक असलेल्या राखणदाराला बिनबंदुकीच्या राखणदारापेक्षा पगार अधिक मिळतो. मुलगा घाबरून भिंतीवरून बाहेरच्या बाजूला पडला आणि लंगडत अंधारात पळाला. गोळी सुटली नाही.

मी खाली गेलो तेव्हा राखणदार बाकावर बसला होता. बंदूक भिंतीला टेकवलेली होती व त्याचे हात थरथरत होते. तो हिंदीत बोलला, त्याचा आशय असा: “साहेब, बोट चापावर गेले होते. गोळी सुटली असती तर खटला माझ्यावर चालला असता. मालकांवर नाही.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या घरात शस्त्र नाही, याचा मला मनातून अभिमान होता. प्रवचनांत मी तो बोलूनही दाखविला होता. परंतु मी ज्या निर्धास्त एकांतात बसून यशयाच्या वचनांना मराठी शब्द शोधत होतो, तो एकांत या माणसाच्या बंदुकीने राखला जात होता. दादांच्या तीन शस्त्रांची कायद्याने मोजणी केली. हे चौथे शस्त्र कायद्याच्या दृष्टीने दादांचे नव्हते, माझे तर नव्हतेच. ते एका गरीब माणसाचे होते. त्याने आमचे भय महिन्याच्या पगारावर आपल्या खांद्यावर घेतले होते, आणि त्याची नळी रोखली गेली ती त्याच्याहून गरीब अशा एका मुलावर.

आमच्या छत्तीसगढला हे नवे नाही. बस्तरमध्ये माओवाद्यांशी लढण्यासाठी जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमून, तीन हजार रुपये मानधनावर त्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये हे घटनाबाह्य ठरविले व त्या बंदुका परत घेण्याचा आदेश दिला. सुशिक्षितांच्या सुरक्षिततेसाठी अल्पशिक्षितांचे जीव पणाला लावणे हा समतेचा व जीविताच्या हक्काचा भंग आहे, असेच त्या निर्णयाचे सार मला दिसते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत आणि जगदलपूर येथे मोठ्या संख्येने माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. ती दृश्ये पाहताना माझ्या मनात आले, हे तर झालेच पाहिजे. पण ज्यांच्या हाती शस्त्र दिसत नाही, अशा आम्ही कोणाच्या हाती ते दिले आहे?

उरलेला भाग

दुसऱ्या दिवशी मी दादांना कठड्याचा नियम वाचून दाखविला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कायद्याने सांगितला तेवढा कठडा मी बांधला, पण मागची बाजू उघडीच आहे.”

मागच्या भिंतीवर दिवे लागले. राखणदाराचा पगार तोच ठेवून त्याने बंदूक घरी ठेवावी, असे दादांनी सुचविले. मला वाटले होते तो आनंदेल. त्याने विचारले, “मालक, बंदुकीशिवाय मला कोण विचारतो? उद्या तुमचा विचार बदलला तर दुसरीकडे मला कोण ठेवील?” ज्या शस्त्राने त्याला भयात ठेवले होते, त्यानेच त्याला प्रतिष्ठा दिली होती. परवाना चालू ठेवायचा, पण फाटकावर बंदूक आणायची नाही, असा तोडगा अखेर निघाला. रिव्हॉल्व्हर अजून दादांच्या कपाटात आहे. त्यांना कधी कधी भय वाटते, आणि त्या भयाला हसण्याचा अधिकार मला नाही. रोकड घेऊन निर्जन रस्त्याने मी कधी आलेलो नाही.

म्हणून या हकीकतीत कोणाचा विजय झाला असे मी म्हणणार नाही. मला एवढेच उमगले की, संसदेने केलेला कायदा हा कठड्याचा पहिला थर आहे. तो तुच्छ मानू नये. निर्दोष माणसानेही दुसऱ्याच्या जिवासाठी काही सोडावे, हे तत्त्व त्यात राष्ट्राने मान्य केले आहे, आणि ते तत्त्व आपल्या शास्त्राला परके नाही. पण कायदा परवाने मोजू शकतो. आपले भय आपण कोणाच्या खांद्यावर ठेवले आहे, हे तो मोजू शकत नाही. ती मोजणी आपण स्वतः करावयाची आहे.

योएलाच्या पुस्तकात यशयाचे वचन उलटे येते. तेथे फाळांच्या तलवारी करा, असे आव्हान आहे (योएल ३:१०). शब्द जवळपास तेच आहेत, क्रम मात्र उलटा. उरल्याच्या भट्ट्या पाहताना मला याचे आश्चर्य वाटत नाही. तापलेले लोखंड साच्याचा आकार घेते आणि साचा माणूस ठरवितो.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नसेल. तरी आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या, कार्यालयाच्या, कदाचित आपल्या मंदिराच्याही फाटकावर कोणी उभा असेल. आज घरी परतताना त्याच्यापाशी क्षणभर थांबावे. तो कोठून आला, रात्री काय खातो, त्याला कशाचे भय वाटते, हे त्याला विचारावे. आपल्या धाब्याचा कठडा किती उंच हवा, हे कदाचित तोच आपल्याला सांगू शकेल.